नानांचं अपील आणि आखाजीचा नारळ

माईक जरा खाली करा हो भाऊ. माझ्या आधी बोलून गेले ते सगळे उंच लोक होते. हां, आता बरं.

नातेवाईक मंडळी, कॉलनीतले शेजारी, दीपनगरहून आलेले नानांचे जुने सोबती, यावलकडचे पाहुणे, आणि ते दाराशी ताटकळलेले, आत या, खुर्च्या आहेत. मी धुळ्याला फौजदारी वकिली करते. ज्यांना तुम्ही सगळे सुपडू नाना म्हणता, ते माझे सख्खे मामा. बोलणं हा माझा धंदाच आहे. मला इथे बोलायला जड जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही. पण सकाळी धुळ्याहून एसटीत बसले आणि पारोळा आलं तरी पहिलं वाक्य सुचेना. एरंडोलला सुचलं, ते इथे येऊन विसरले. कोर्टात मी ज्याच्यासाठी बोलते तो माझ्या पाठीमागे बसलेला असतो. मधूनच खोकतो, मधूनच माझा काळा कोट ओढून भलतंच काहीतरी कानात सांगतो. नाना तर फार ओढायचे. आज पाठीमागे त्यांचा फोटो आहे, आणि कोट कोणी ओढत नाही. म्हणून जड जातंय.

तर मंडळी, आतापर्यंत नानांचं पुष्कळ कौतुक झालं. नाना देवमाणूस होते, नाना आधारवड होते. एका वक्त्यांनी तर, नाव घेत नाही, ते पहिल्या रांगेत पाणी पीत आहेत, असं सांगितलं की नाना गेले आणि कोर्टकचेरीतून सुटले. सभागृहात सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही डोलावली.

नाना सुटले नाहीत.

हे नीट ऐका. खालच्या कोर्टानं नानांना दोषी ठरवलं. आपण वरच्या कोर्टात अपील केलं. अपील चालू असताना नाना गेले. आता कायदा असा आहे की अपील करणारा गेला की त्याचं अपीलही त्याच्याबरोबर जातं. मागे उरतं काय? खालचा निकाल. कंपनीच्या कारखान्याबद्दल खोटं सांगून शेअर घेणाऱ्यांना फसवणारा माणूस, ही नानांची ओळख कायमची राहते. ती पुसायला मग कोणी येत नाही. कायद्यानं एकच वाट मोकळी ठेवली आहे. जवळच्या नात्यातल्या कोणीतरी महिन्याच्या आत कोर्टापुढे जायचं आणि म्हणायचं, हे अपील मी पुढे चालवतो, परवानगी द्या. बायको चालते, मुलं चालतात, भाऊ-बहीण चालतात. भाची चालत नाही. कायदा करणाऱ्यांना खानदेशातला मामा माहीत नसावा.

तेव्हा नाना सुटले की नाही, हे अजून ठरायचं आहे. ते ठरवणार कोण, हे मी सांगणार आहे. पण आधी, हा माणूस आरोपीच्या पिंजऱ्यापर्यंत पोचला कसा, ते ऐका. तुमच्यातल्या अर्ध्यांना ते चुकीचं माहीत आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांनी ते चुकीचं सांगितलं आहे.

नानांना 'नाही' म्हणता येत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. वकील म्हणून सांगते, आणि चिडून सांगते. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या नोकरीतून निवृत्त होऊन ते जळगावला राहायला आले. पांढरी टोपी, कडक इस्त्री, आवाज असा की माईक नसला तरी चालावं. आणि नारळ एका फटक्यात फोडायचे. एवढं भांडवल असल्यावर आपल्याकडे माणसाला कोण मोकळं सोडतो? नाना, पिठाची गिरणी काढली, चला. नाना, सलून टाकलंय, चला. नाना, बोअरला पाणी लागलंय, फीत तुम्हीच कापा. बोअरला फीत कुठे बांधली होती ते मला आजवर कळलेलं नाही. एकदा समोरासमोरच्या दोन औषधांच्या दुकानांचं उद्घाटन नानांनी एकाच सकाळी केलं. भावंडांचं भांडण होऊन झालेली दोन दुकानं ती. नानांनी दोन्हीकडे सांगितलं की या रस्त्यावर भरवशाचं दुकान म्हणजे हेच. दोघंही भाऊ आज इथे आले आहेत. वेगवेगळ्या रांगेत बसले आहेत.

आता आखाजीचं सांगते. पुण्यामुंबईचे जावई आले आहेत, त्यांच्यासाठी. तुम्ही अक्षय्य तृतीया म्हणता ती आमची आखाजी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, खापरावर पुरणपोळ्या होतात. आणि आखाजीचा मुहूर्त कोणी चुकवत नाही. म्हणजे काय, ते समजून घ्या. काम तयार असो वा नसो, मुहूर्त साधून ठेवायचा. घराला स्लॅब पडलेला नसला तरी आखाजीला तिथे दूध उतू घालायचं, आणि मग पुढचं वर्षभर भाड्याच्या घरात राहायचं. कोणी विचारलं, घर झालं का, तर सांगायचं, हो, आखाजीलाच झालं. हे खोटं नाही. आमच्यात कोणालाच ते खोटं वाटत नाही.

विलासनं, म्हणजे नानांच्या मुलानं, हार्डवेअरचं दुकान काढलं तेव्हा काय झालं? आखाजी आली, माल आला नाही. दुकानात शटर, गणपतीचा फोटो आणि मोकळे रॅक. नाना घरी गेले, मोरीतली बादली घेऊन आले, रॅकवर ठेवली, नारळ फोडला, आणि रीतसर ती बादली विकत घेऊन परत घरी नेली. झालं दुकान सुरू. विलास, हसू नकोस, पावती तूच फाडली होतीस. मामी अजून त्याच बादलीत पाणी भरते.

या घरात हेमंतशेठ आला.

कंपनीचं नाव मी घेत नाही. नाव घेतलं की नोटीस येते, हे मला धंद्यामुळे ठाऊक आहे. केळीची पावडर आणि वेफर्स काढणारी कंपनी. शेअर बाजारात नोंदलेली. यावल तालुक्यात मोठा कारखाना होणार, असं लोकांना सांगितलेलं. संचालक मंडळावर एखादा मान असलेला, भागातला माणूस हवा होता. हेमंतशेठ नानांच्या घरी आला, मामीच्या हातचा चहा प्यायला, दोनदा वाखाणला, आणि म्हणाला, नाना, तुम्ही संचालक व्हा. नाना म्हणाले की मला त्यातलं काही कळत नाही. शेठ म्हणाला, नाना, तुम्हाला कळायची गरजच नाही.

नानांना वाटलं, केवढा मान दिला. मामी स्वयंपाकघरात होती. तिनं गॅस बंद केला, बाहेर आली आणि शेठच्या हातातला रिकामा कप घेऊन गेली. दुसरा कप दिला नाही. मामीची पद्धत तशी आहे. ज्यांना दुसरा कप मिळालेला नाही त्यांना ती कळली असेल.

आखाजी उजाडली. कारखान्याच्या जागी पत्र्याची एक शेड होती, बाकी काही नव्हतं. मंडप घातला होता. मंडपात एक भलं मोठं लाकडी खोकं, त्याला झेंडूचा हार. मशीन म्हणे खोक्यात आहे. सकाळी निघताना मामीनं विचारलं होतं, मशीन आलं का? नाना म्हणाले, खोक्यात आहे. खोकं उघडलं का? मुहूर्त झाल्यावर उघडतील. मामीनं नेसायला काढलेलं लुगडं कपाटात परत ठेवलं आणि पुरणाला लागली. म्हणाली, मी खोक्याच्या पूजेला येत नाही.

नाना गेले. नारळ एका फटक्यात फुटला. खोक्याला कुंकू लागलं. पण वेफर्सच्या कंपनीचा मुहूर्त आणि प्रसादाला वेफर्स नाहीत, हे बरं दिसेना. म्हणून यावल स्टँडवर वेफर्स तळणारे आपले रफिकभाई, हे काय इथे बसलेत, त्यांना कढईसकट उचलून आणलं. शेडमागे तीन दगडांच्या चुलीवर त्यांनी घाणा काढला. कागदाच्या पुड्यांतून सगळ्यांना प्रसाद. फोटो निघाले.

आणि त्याच आठवड्यात कंपनीनं सगळ्या शेअरधारकांना आणि बाजाराला कळवलं, की आमच्या यावलच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं असून पहिल्या मालाचं वितरण यशस्वीरीत्या पूर्ण झालं आहे. खाली संचालक म्हणून नानांची सही.

वितरण म्हणजे त्या पुड्या, मंडळी.

सही करताना नानांनी वाचलं होतं का? वाचलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. नाना न वाचता सही करत नसत. त्यांनी ते वाचलं, आणि त्यांना त्यात काही चूक दिसली नाही. उत्पादन सुरू झालं? झालं की, नारळ मीच फोडला. माल वाटला? वाटला की, मी दोन पुड्या खाल्ल्या. भाव वर गेला. नानांचा फोटो पाहून इथल्याही अनेकांनी शेअर घेतले. हेमंतशेठनं आपले होते नव्हते ते सगळे विकले, भाव कोसळला आणि तो गेला. कुठे गेला ते पोलिसांना माहीत नाही. त्याच्या बायकोला माहीत आहे, पण ती सांगत नाही.

नंतर पोलिसांनी ते खोकं उघडलं. आत मंडपवाल्याचे जुने पंखे होते. मंडपवाला पंच म्हणून हजर होता. तो म्हणाला, अरे, हे तर मी कधीचे शोधतोय.

खटला उभा राहिला. शेठ फरार, म्हणून आरोपी नाना एकटेच, आणि त्यांची वकील मी. सरकारी वकील चांगले तयारीचे होते. त्यांनी रफिकभाईंना विचारलं, हे वेफर्स कंपनीनं तयार केले का? रफिकभाई म्हणाले, साहेब, केळी त्यांची, कढई माझी, तेल माझं, तळले मी. कंपनीनं खाल्ले. मी उलटतपासणीला उठले आणि तशीच खाली बसले. विचारायला काही उरलंच नव्हतं.

मग सरकारी वकिलांनी नानांची नोकरी काढली. हा माणूस आयुष्यभर वीज केंद्रात काम करत होता, चालू मशीन कसं दिसतं हे याला कळत नव्हतं का? मुद्दा बिनतोड होता. तेवढ्यात पाठीमागून कोट ओढला गेला. नाना कानात म्हणाले, सांग त्यांना, आमच्या केंद्रात पण मशीनला आधी हारच घालायचे.

शेवटी आरोपीला कोर्ट स्वतः प्रश्न विचारतं. त्याची तयारी मी मामांकडून चार वेळा करून घेतली होती. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, माहीत नाही. बाकी एक अक्षर बोलायचं नाही. सुरुवात छान झाली. माहीत नाही, माहीत नाही. मी मनात म्हटलं, जमतंय. मग न्यायाधीशांनी विचारलं, कारखान्यात उत्पादन सुरू झालं असं खोटं निवेदन तुम्ही सही करून दिलं, यावर काय म्हणणं आहे? नानांना वाटलं असावं की एवढ्या मोठ्या माणसाला किती वेळा माहीत नाही म्हणायचं, बरं दिसत नाही. ते म्हणाले, साहेब, सुरू झालं होतं. मी स्वतः नारळ फोडला.

न्यायाधीश म्हणाले, नारळ फोडला म्हणजे उत्पादन सुरू होतं का?

आणि नानांनी अगदी मनापासून, कुठेही आगाऊपणा नाही, विचारलं, "मग कशानं सुरू होतं, साहेब?"

कोर्ट हसलं. शिपाई हसला, सरकारी वकील हसले. न्यायाधीशांनी कागदात तोंड घातलं. मी हसले नाही. मला दिसत होतं की निकालात हे वाक्य येणार. आलं. आरोपीला उत्पादन सुरू नसल्याची पूर्ण कल्पना होती आणि त्यानं कोर्टाची चेष्टा केली, असं आलं. नानांनी आयुष्यात कोणाची चेष्टा केली नव्हती. करता येत असती तर हेमंतशेठची केली असती.

आता जरा कडू बोलते. वकील आहे, चालवून घ्या.

निकालानंतर जामीन मिळाला आणि नाना घरोघर गेले. ज्यांनी ज्यांनी त्यांच्या तोंडाकडे पाहून शेअर घेतले होते, त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं, असं म्हणाले. काहींनी बसवलं, चहा दिला. काहींनी दार लावून घेतलं. दार लावणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांचे कष्टाचे पैसे गेले होते. माझा राग बाकीच्यांवर आहे. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं, ज्यांची गिरणी नानांनी सुरू करून दिली, ज्यांचं सलून, ज्यांचं बोअर. तुम्ही बोलावणं बंद केलंत. एकाएकी सगळ्यांच्या फिती आपोआप कापल्या जायला लागल्या.

पुढची आखाजी आली. नाना सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून, टोपी घालून ओट्यावर बसले. मी त्या दिवशी माहेरपणाला मामाकडेच होते. दहा वाजले. अकरा वाजले. रस्त्यावरून माणूस गेला की नाना सावरून बसायचे. मला ते बघवेना, मी आत जाऊन चिंच कोळत बसले. कोणी आलं नाही. मंडळी, त्या दिवशी एक माणूस आला असता तर बरं झालं असतं. कोणीही.

दुपारी मामी बाहेर आली. तिनं नवा मिक्सर आणला होता. खोकं नानांच्या पुढ्यात ठेवलं, बाजूला नारळ ठेवला आणि म्हणाली, उद्घाटन करून द्या.

नाना खोक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी उघडून दाखव."

मामीनं उघडलं. नानांनी मिक्सर बाहेर काढला, वायर बघितली, भांडं बसवलं, प्लग लावला, शेंगदाण्याची चटणी वाटून पाहिली, चाखली, मीठ कमी आहे म्हणाले. आणि मग नारळ फोडला. एका फटक्यात नाही फुटला. दोन लागले. मामी तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती. मीही. नानांना वाटलं आम्ही नुसत्याच हसतोय, म्हणून तेही हसले.

तर, अपील. अपील लिहायला मी बसले तेव्हा माझ्यासमोर सोपा रस्ता होता. मी लिहिलं, अपीलकर्ते वृद्ध, भोळे, व्यवहाराची कोणतीही समज नसलेले गृहस्थ असून त्यांना सहीचा अर्थ कळत नव्हता. उत्तम मुद्दा. वीसेक वर्षांत या मुद्द्यावर मी बरीच माणसं सोडवली आहेत, त्यातली काही चांगलीच बेरकी होती. नानांना वाचून दाखवलं. नाना आपल्या बोलीत म्हणाले, "मी लबाड नही शे, आन येडाबी नही शे." मी म्हटलं, मामा, कोर्टात दोनच खुर्च्या असतात, एक लबाडाची, एक वेड्याची. मला तुम्हाला कुठेतरी बसवायचं आहे. ते म्हणाले, मग मी उभा राहतो.

मी चिडले. जेवलेही नाही. मामी जेवायला बोलवायला आली तर तिलाही म्हटलं, तुमच्या नवऱ्याला समजवा, वेडा म्हटल्यानं कोणी वेडा होत नाही. मामी म्हणाली, ते वाचून सही करतात, हे तुला ठाऊक आहे. मग कळत नव्हतं असं कसं लिहितेस? खोटं लिहिल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली, आणि त्यातून सोडवायला तू खोटं लिहिणार का?

मंडळी, मी इतकी वर्षं वकिली करते. मला न्यायाधीशांनी गप्प केलं नाही कधी. मामीनं केलं. मी तो कागद फाडला आणि नवीन लिहिलं. या माणसानं वाचून, समजून सही केली. जे सांगितलं ते त्याच्या गावात, त्याच्या घरात, त्याच्या आयुष्यात जसं खरं मानतात तसं खरं सांगितलं. फसवण्याचा हेतू नव्हता. फसवण्याचा हेतू ज्याचा होता तो या माणसाची भीड जाणून होता. एवढंच. कायद्याच्या पुस्तकात भीड नावाचा शब्द नाही. मी घातला आहे, बघू वरचं कोर्ट काय म्हणतं. नानांनी वाचलं, सही केली आणि मला म्हणाले, आता धुळ्याला गेलीस की जेव नीट.

त्या अपिलाची सुनावणी व्हायच्या आधी नाना गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. मला आजही वाटतं, ते निकालाला घाबरून गेले नाहीत. ते थकले होते. वाट बघून थकले होते.

दहावं झाल्यावर मी विलासशी बोलले. विलास, तुझ्यावर मी आज बोलणार नाही असं तुला वाटत होतं, पण बोलते. विलास म्हणाला, ताई, राहू दे. बाबा गेले. लोक विसरायला लागलेत. पुन्हा पेपरात नाव, पुन्हा गिऱ्हाइकांच्या नजरा. माझी पोरगी लग्नाची आहे. मी त्याला दोष देत नाही. दुकान चालवणारा माणूस आहे, सगळ्यांशी गोड राहावं लागतं. तो नानांवर गेला आहे, त्यालाही कोणाला दुखवता येत नाही. मी म्हटलं, ठीक आहे. पिशवी उचलली. मला वाटलं, संपलं. अपील जाणार.

मामी भिंतीला टेकून बसली होती. सगळं ऐकत होती. तिनं मला विचारलं, आम्ही काही केलं नाही तर काय राहतं? मी म्हटलं, खालचा निकाल. तिनं विचारलं, त्यात त्यांचं नाव कसं लिहिलं आहे? मी सांगितलं, आरोपी, दोषी. ती म्हणाली, आणि ते तसंच राहणार? मी म्हटलं, तसंच.

मग ती विलासकडे वळली. रागावली नाही. म्हणाली, तुझी पोर उद्या सासरी जाईल. आजोबा कोण होते म्हणून कोणी विचारलं तर तिनं काय सांगायचं? मामी माझ्याकडे वळली. "मन्हं नाव घाल," म्हणाली. "जिंदगीभर त्यासले कोनले नही म्हनता उनं नही. आते मी म्हनस."

ज्यांना आपली बोली येत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझं नाव घाल, जन्मभर त्यांना कोणाला नाही म्हणता आलं नाही. आता मी म्हणते.

मी तिला सगळं समजावलं. मामी, जळगावचं कोर्ट नाही हे, लांब जावं लागेल. तारखा पडतात. गेलं की कळतं आज काम निघत नाही, परत या. वर्षंही जातील. आणि तुम्हाला काही बोलायचं नसतं, साक्ष नसते, बोलणार मी, तुम्ही घरी बसलात तरी चालेल. मामी म्हणाली, त्यांच्या नावाचा पुकारा होईल ना? मी म्हटलं, होईल. ती म्हणाली, नावानं हाक मारतील आणि कोणीच उठणार नाही? असं कसं चालेल. मी येईन.

विलासनं तेव्हा मान खाली घातली होती. थोड्या वेळानं तो उठला, आणि आईला विचारलं, गाडी कधी काढायची?

मंडळी, उद्या आम्ही तिघं जाणार आहोत. मामीच्या सहीचा अर्ज माझ्या पिशवीत आहे. कोर्ट परवानगी देईल का? देईल असं मला वाटतं. अपील जिंकू का? ते मी सांगत नाही, मुहूर्त आधी आणि काम नंतर ही सवय आमच्या घराला महाग पडली आहे. पण नाना दोषी म्हणून मेले, असं आजपासून कोणी म्हणू नये. नानांचं अजून चालू आहे.

नाना, तुम्हाला या भाचीचा नमस्कार.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायचं, असं मला आयोजकांनी सांगितलं आहे. राहू या. ज्यांना नानांनी कधीच 'नाही' म्हटलं नाही, ते सगळे उभे राहा. म्हणजे सगळेच. दाराशी असलेलेही. ते दोघे भाऊही.

मामी, तुम्ही नका उठू. तुम्ही बसा. तुम्हाला अजून पुष्कळ उभं राहायचं आहे.